ओडीलच्या हाताची गाडी

बटाटे निघाले, पोरं शाळेत परत गेली आणि सलग तीन दिवस ऊन पडलं की ओडील व्हिओलेटच्या कोठाराबाहेर, गंज लागू नये म्हणून पोटाला तेल मारून घ्यायला, पिकअप ट्रकांची रांग लागायची. फोन करून वेळ घ्यायची भानगड नव्हती. तीन दिवस आधी गाडीचं पोट पाण्याने खळखळून धुवायचं, उन्हात वाळवायचं आणि मगच यायचं, हा तिचा नियम साऱ्या नदीकाठाला पाठ. कोणी ओली गाडी आणलीच, तर ओडील कोठारातल्या खड्ड्यातून डोकंसुद्धा वर काढायची नाही. खालूनच म्हणायची, "पाण्यावर तेल हवंय? मग घरी जा आणि सूपमध्ये ओत." तो माणूस, मग तो चर्चचा पाद्री का असेना, मुकाट गाडी मागे घ्यायचा.

ओडील बासष्ट वर्षांची. बटाटे निवडायच्या शेडमध्ये तिची चोवीस वर्षं गेली. ती शेड बंद पडली, तेव्हा बापाने ट्रॅक्टरखाली काम करायला कोठारात खणलेला खड्डा तिला आठवला, आणि एकोणीस वर्षांपूर्वी ती त्यात उतरली ती उतरलीच. करवतीच्या साखळीचं घट्ट तेल आणि मेंढीच्या लोकरीची चरबी दुधाच्या जुन्या कॅनमध्ये घालून चुलीवर कोमट करायची आणि फवारायची. दारांच्या तळाशी पाणी निघायची भोकं असतात, ती खिळ्याने मोकळी करायची. ह्या सगळ्याचा वास तिच्या अंगात इतका मुरला होता की चर्चमध्ये तिच्या बाकावर दोन जणांची जागा कायम मोकळी राहायची. त्याचं तिला काही वाटत नसे. पाय पसरून बसता येतं, म्हणायची.

तेल लावलं की काम संपलं असं नाही. गाडी तशीच बटाट्याच्या शेतामागच्या कच्च्या रस्त्यावर घालायची आणि चार मैल धूळ उडवत पळवायची. ओल्या तेलावर धूळ बसते, तिचा जाड लेप होतो, आणि मग हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्ते खात्याने पोत्यांनी मीठ ओतलं तरी लोखंडाला त्याची चव लागत नाही. आठवडाभर गाड्या अंगणात तेल गाळत राहायच्या आणि घरोघरच्या बायका ओडीलचा उद्धार करायच्या. पण गाडी विकायची वेळ आली की त्याच बायका सांगायच्या, "ओडीलच्या हाताची आहे हो." एवढं ऐकलं की घेणारा खाली वाकूनही बघत नसे. असा मान इकडे डॉक्टरलाही नाही.

त्या ऑक्टोबरमध्ये कोल्बी डेशेन आला. सव्वीस वर्षांचा, बोलका गडी. कागद गिरणीतली नोकरी सोडून त्याने वसंतात म्हाताऱ्या अल्फी लिझॉटचा ट्रक घेतला होता. त्याला पुढे बर्फ ढकलायचं भलंथोरलं पातं लावून तो हिवाळाभर बेचाळीस घरांची अंगणं साफ करणार होता. त्यातली निम्मी घरं एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची. शब्द देऊन झाले होते.

"मावशी, धुतलाय, वाळवलाय, पुसलासुद्धा," तो वरून म्हणाला. "आता सूपचं नाव काढू नकोस."

"आण पुढे. बडबड मागे ठेव."

ट्रक खड्ड्यावर आला. ओडीलने दिवा वर धरला. सगळं पोट काळंभोर, चकचकीत, डांबर फासल्यासारखं. हा थर कोणाचा, हे तिला विचारायची गरज नव्हती. इंधनाच्या टाकीजवळच्या पट्टीवर पांढऱ्या रंगात तिच्याच हाताने लिहिलेलं साल होतं, तिच्या धंद्याचं पहिलं.

पहिले दोन हिवाळे ती हाच थर लावायची. एक विक्रेता त्याची पिंपं घेऊन आला होता. ठिबकत नाही, वास नाही, दिसायलाही झोकदार. लोक खूश, ही खूश. तिसऱ्या वर्षी नवऱ्याच्या, गिल्मनच्या गाडीवर तिला केसाएवढी चीर दिसली. नखाने उचकटली तर आत मिठाचं पाणी साठून लोखंड सडलेलं. थर वरून साबूत आणि आतून गाडी संपलेली. ओडीलने पिंपं उचलून कचऱ्यात टाकली आणि तेलावर आली. पण ज्या अकरा गाड्यांना आधी थर लावला होता, त्यांच्या मालकांना तिने सांगितलं नाही. दरवर्षी त्याच थरावर तेल मारत राहिली. सांगायचं राहून गेलं, असं ती स्वतःला म्हणायची. राहून कसलं जातंय? तोंड उघडायची लाज वाटली, एवढंच खरं.

पुढे त्यातल्या बऱ्याच गाड्या भंगारात गेल्या. कोणी अपघात केला, कोणाचं इंजिन बसलं, आणि प्रश्न आपोआप मिटत गेला. टिकलेल्या चारांत अल्फीचा ट्रक होता, कारण अल्फी तो फक्त चर्चला आणि पत्त्यांच्या अड्ड्यावर न्यायचा. आणि परत आला की शेकोटी पेटवलेल्या गॅरेजमध्ये ठेवायचा. सगळे म्हणायचे, पोटच्या पोरासारखा जपतो. मीठ थंडीत झोपतं आणि उबेत काम करतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. ओडीलला ठाऊक होतं.

तिने हातोडी घेतली आणि मागच्या चाकाजवळ चासीवर, गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, हलकेच टोला दिला. चांगलं लोखंड वाजतं. हे वाजलं नाही. तिने थर नखाने सोलला. तो भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटला आणि तिच्या बाहीत तपकिरी ढलप्यांचा सडा पडला. दुसऱ्या टोल्याला हातोडीचं टोक आत गेलं.

"झोपलीस की काय खाली?" कोल्बीने विचारलं.

ओडीलने सुटलेला पापुद्रा उचलला. पापुद्रा परत दाबून बसवला आणि वरून तेल मारलं, तर चार मैलांच्या धुळीत सगळं झाकून जाणार होतं. पातं शेकडो किलोंचं. जानेवारीत कधीतरी चासी मोडली असती, आणि लोक म्हणाले असते, पोरगा बेदरकार, गाडी ताणून मारतो. ओडीलवर कोणी बोट ठेवलं नसतं. हे सगळं तिने नीट, शेवटापर्यंत मनात चालवून पाहिलं. मग चासी मोडते त्या क्षणी आत कोण बसलेलं असेल, तेही पाहिलं. तिला स्वतःची किळस आली.

"खाली ये," ती म्हणाली.

कोल्बी शिडीवरून उतरला. तिने हातोडी त्याच्या हातात दिली. "मार. इथं."

"मावशी, तुझं काम मला कशाला?"

"मार म्हणते ना."

त्याने मारली. हातोडी आत गेली आणि तिथेच अडकली. तो तिच्याकडे बघत राहिला. "हा काळा थर कोणी लावला?"

"मी."

तो ढलप्या बोटांनी चुरू लागला. "मी खाली बघितलंच नाही," तो म्हणाला. "अल्फी म्हणाला, ओडीलच्या हाताची. म्हटलं, झालं तर मग. मी तुझ्या नावावर घेतली गं ही."

"माहीत आहे."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"सतरा वर्षं."

तो शिव्या देता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने हातोडी उपसून काढली, बाकावर ठेवली आणि म्हणाला, "बेचाळीस घरं, मावशी. मी काय सांगू त्यांना?"

ओडील वर गेली आणि खुंटीवरची किल्ली घेऊन आली. तिचा स्वतःचा ट्रक त्याच कंपनीचा, त्याच मापाचा. त्याला पातं बसत होतं. "बर्फ वितळेपर्यंत हा ने. त्यानंतर काय करायचं ते तू ठरव, मी ऐकेन."

"आणि तू?"

"मला पाय आहेत. आणि त्या अकरांतले आणखी तिघं अजून गाडी चालवतात. संध्याकाळच्या आत त्यांना फोन करायचेत."

कोल्बीने जुना ट्रक हळूच मागे घेत बाहेर काढला आणि तिने सांगितलं म्हणून तिचा ट्रक खड्ड्यावर आणला. काचेवर लोकरीच्या चरबीचा ओशट थर होता, तो त्याने बाहीने पुसला. पहिल्यांदाच जरासा हसला. "वास मात्र तुझाच येतोय."

तो गाडी सुरू करणार, तेवढ्यात ओडील दारासमोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात हातोडी होती.

"उतर. आधी खाली जा आणि ठोकून बघ."

"काहीतरीच काय. ही तुझी स्वतःची गाडी आहे."

"अल्फीची पण माझ्याच हाताची होती," ओडील म्हणाली. "ठोक."

तो खड्ड्यात उतरला. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत वीत वीत ठोकत गेला, आणि ओडील काठावर उभी राहून प्रत्येक टोला ऐकत राहिली.