तिसरी शेगडी

बी.कॉम. झालं त्या उन्हाळ्यात मला स्वयंपाक शिकायचा होता, पण कशासाठी ते माझं मलाच ठरवता येत नव्हतं. कोल्हापुरात हॉटेलच्या स्वयंपाकाचा वर्षभराचा एक कोर्स होता. पांढरे कोट, बेकरी आणि पुढे नोकरी. गारगोटीहून वडील सांगत होते, "नोकरी लागंल असंच शिक. घरचं शिकवाय आई हाय की." मला मात्र घरचंच, नीट, कुणीतरी हात धरून शिकवलेलं हवं होतं. कोर्स पावसाळ्यात सुरू होणार होता. मी आत्याकडे राहत होते. तिनं शिवाजी पेठेतल्या एका बाईंचा क्लास सुचवला. म्हणाली, "दोन म्हैनं जाऊन तर बघ. जीव रमला तर रमला."

बाई साठीच्या असाव्यात. एकट्याच राहायच्या. स्वयंपाकघरात कडप्प्याचा लांबलचक ओटा आणि त्यावर ओळीनं चार शेगड्या होत्या. मी गेले तेव्हा तीन शेगड्यांपाशी बायका उभ्या होत्या, फक्त तिसऱ्या शेगडीवर धुतलेलं फडकं पसरलेलं होतं. बाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि फडकं उचललं. "हितं उभी ऱ्हा," म्हणाल्या.

माझ्या शेजारी बँकेत नोकरी करणाऱ्या एक ताई असायच्या. अर्धी रजा टाकून यायच्या. "मला काय खाणावळ काढायची नाही," त्या हसून सांगायच्या, "फोडणीचा आवाज ऐकला की डोकं शांत होतं बघ."

मलाही तिथं शांत वाटायचं. जरा जास्तच. बाई पुढची कृती सांगायला तोंड उघडत तोवर माझं खोबरं भाजून झालेलं असायचं. एकदा त्यांनी दगडफूल मागितलं आणि मी स्टुलावर चढून फळीवरच्या मागच्या रांगेतला एक डबा काढला. डब्यावर काही लिहिलेलं नव्हतं. उघडला तर आत दगडफूलच. बायका हसल्या. बाई हसल्या नाहीत. डबा हातात घेऊन हळूच म्हणाल्या, "अजून ध्येनात हाय व्हय?"

मला वाटलं, मी ऐकण्यात चुकले.

मग एका रविवारी आत्याकडे कांदा परतत होते तेव्हा ती जेवायची ताटं खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "अगं, तू डाव्या हातानं कधीपासनं कराय लागलीस?"

मी उलथनं उजव्या हातात घेतलं. कांदा शेगडीभर सांडला. डाव्या हातात घेतलं की सगळं सुरळीत. माझा डावा हात त्याआधी साधी बरणीही उघडत नसे. त्या ओट्यावर तिसऱ्या शेगडीचं मीठ-तेल डावीकडे मांडलेलं असतं, त्याचीच सवय लागली असेल, अशी मी माझी समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी क्लास सुटल्यावर रिक्षाच्या थांब्यापर्यंत ताईंबरोबर चालले आणि बाईंबद्दल विचारलं. ताई आवाज खाली आणून म्हणाल्या, "आधी हा क्लास त्यांची मुलगी चालवायची. एका दुपारी क्लास संपवून बाहेर पडली ती परत आलीच नाही. पोलीस झाले, नवस झाले. मी नंतर आले, मी काही तिला बघितलेलं नाही."

"ती डावरी होती का?"

"मला काय माहीत? का गं?"

मी रिक्षाला हात केला.

त्याच आठवड्यात बाईंना ताप आला. त्या आतल्या खोलीत पडल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "आज पांढरा रस्सा तू दाखव." मी बायकांना शिकवू लागले. काजू-खसखशीचं वाटण घालताना माझ्या तोंडून ठणठणीत आवाजात निघालं, "जाळ कमी कर की, फुटंल!" तो आवाज ऐकून मीच दचकले. आमच्या घरात माझ्याइतक्या हळू आवाजात कुणी बोलत नाही.

तेवढ्यात शेजारच्या आजीबाई ताकासाठी भांडं घेऊन मागच्या दारात आल्या. माझी पाठ त्यांच्याकडे होती. "अगं बया," त्या म्हणाल्या, "कवा आलीस गं तू? आईला सांगितलंस का?"

मी वळले. आजींनी आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग डाव्या हातातल्या पळीकडे. भांडं उंबऱ्यावरच ठेवून, ताक न घेता, त्या भिंतीला धरत निघून गेल्या. मी रश्शाखालचा जाळ बारीक केला.

बायका गेल्यावर बाईंनी मला आत बोलावलं. ताप उतरला होता, चेहरा टवटवीत दिसत होता. "हितंच ऱ्हा," त्या म्हणाल्या. "क्लास तूच चालव. घर मोठं हाय. मला तरी कोण हाय?"

खोटं कशाला सांगू, मला मोह झाला. नोकरी की आवड हा माझा घोळ एका वाक्यात सुटत होता. पण बाई माझ्याकडे बघत होत्या ते मला बघितल्यासारखं नव्हतंच.

"बाई, मला जायला पाहिजे. बाहेर जाऊन शिकायचंय."

त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही. पांघरूण नीट करत म्हणाल्या, "त्या येळंला बी असंच म्हणालीस."

मी चपला हातात घेऊनच गल्ली गाठली. पुन्हा क्लासला गेले नाही. पावसाळ्यात कोर्सला नाव घातलं. पहिल्या दिवशी सरांनी कांदा चिरायला दिला आणि सुरी आपोआप उजव्या हातात आली तेव्हा मला रडू फुटलं. सरांना वाटलं, कांद्यामुळे. पुढे पुण्यातल्या हॉटेलात काही वर्षं काढली, मग कोल्हापुरात येऊन स्वतःचं केटरिंग सुरू केलं.

बाई गेल्याचं बँकेतल्या ताईंनी फोनवर कळवलं. मी भेटायला गेले. मुरगूडहून त्यांचा पुतण्या आला होता. त्यानं बसायला सतरंजी टाकली. भिंतीवर बाईंच्या फोटोला हार होता आणि शेजारी दुसरा, जुना फोटो होता. त्याला हार नव्हता.

पुतण्या पाणी घेऊन आला आणि दारातच थबकला. एकदा माझ्याकडे, एकदा भिंतीकडे बघू लागला. "पावणं," तो चाचरत म्हणाला, "तुम्ही आमच्या नात्यातल्या का?"

"नाही," मी म्हणाले. "मी इथं फक्त स्वयंपाक शिकायला यायची."

मान वर न करता मी पाणी प्याले आणि निघाले. त्या दुसऱ्या फोटोतल्या चेहऱ्याकडे मी पाहिलं नाही.