ओळीतलं तिसरं घर

आमच्या नव्या घराची वास्तुशांत अगदी यथासांग पार पडली. फक्त ती शेजाऱ्यांच्या घरात झाली.

यात दोष ना गुरुजींचा, ना मुहूर्ताचा, ना बिल्डरचा. दोष संपूर्ण माझा, आणि तो माझ्याकडून कुणी हिरावून घेऊ नये. कारण त्या घराला माझं स्वतःचं म्हणून मी तेवढंच काय ते दिलं आहे. (बाकी सगळं महेश देतो.)

महेश हा आमचा मुलगा. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत सुपरवायझर. तुम्ही म्हणाल, बरं मग? पण आमच्या बार्शीकडच्या भावकीत शिकलेलं पोरगं पुण्याला गेलं नाही म्हणजे त्याच्यात काहीतरी खोट आहे असं समजतात. आमचे थोरले बंधू अण्णा. त्यांचा मुलगा पुण्यात अकराव्या मजल्यावर राहतो. अण्णा तो अकरावा मजला अशा थाटात सांगतात, जणू खालचे दहा त्यांनी स्वतः रचलेत. दर लग्नात, पंगतीत, माझ्या शेजारी बसून, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारणार, "काय रं, तुजं पोरगं अजून सोलापुरातच व्हय? काय हाय तितं?"

आणि मग महेशनं सोलापुरात घर घेतलं! फ्लॅट नव्हे, घर! खाली आपली जमीन, वर आपलं आभाळ. शहराच्या पार टोकाला, जिथं परवापरवापर्यंत ज्वारी डोलत होती, तिथं एका बिल्डरनं सहा-सहा रो हाऊसच्या ओळी उभ्या केल्या होत्या. घेणारे सगळे आमच्यासारखेच. कुणी झेडपीचा मास्तर, कुणी रेल्वेतला, कुणी टॉवेलच्या कारखान्यातला. कुणाच्या घरात कानडी, कुणाच्या घरात तेलुगू. घरटी एक मोटारसायकल, एक शाळेत जाणारं पोर आणि पोराच्या लग्नापर्यंत पुरेल एवढं कर्ज. सकाळी आधी कंपनीच्या बसेस निघणार, मग शाळेच्या व्हॅन, मग कॉलनीत फक्त आजी-आजोबा आणि कुकरच्या शिट्ट्या. मला तर पाहताक्षणी पसंत पडली.

"तू तुझी ड्युटी बघ," मी महेशला म्हटलं, "घराचं मी बघतो. रिकामाच आहे."

"बघा की. पण नीट ध्यानात ठेवा बाबा, ओळीतलं तिसरं घर आपलं."

तिसरं तर तिसरं. मी सोलापुरातल्या सात रस्ता चौकाजवळच्या आमच्या भाड्याच्या खोल्यांतून स्कूटर काढली, पाण्याच्या टाकीकडच्या मागच्या वाटेनं कॉलनीत शिरलो, एक, दोन, तीन मोजलं आणि तिसऱ्या घराला मनोभावे नमस्कार केला.

महेश मुख्य रस्त्याकडून मोजत होता.

सहा घरांच्या ओळीत तिकडून तिसरं ते इकडून चौथं. आणि मी एस.टी.तला निवृत्त कंडक्टर! भरल्या गाडीतली माणसं एका नजरेत मोजायची, ही माझी सगळ्या बार्शी डेपोत ख्याती. माणसं हलायची, उतरायची, सीटखाली लपायची, तरी माझा हिशेब चुकला नाही. घरं बिचारी जागची हललीसुद्धा नाहीत, आणि तिथं मी चुकलो.

बरं, नुसता नमस्कार करून गप्प बसतो तर काही बिघडलं नसतं. पण नव्या प्लास्टरला पाणी मारावं लागतं, नाहीतर तडे जातात, हे मी कुठंतरी ऐकलं होतं. झालं! रोज सकाळी डोक्याला उपरणं गुंडाळायचं, साइटवरच्या बोअरला पाईप लावायचा आणि भिंती न्हाऊ घालायच्या. ज्या सोलापुरात नळाला पाणी यायचा दिवस लोक सणासारखा लक्षात ठेवतात, त्या सोलापुरात मी एका भिंतीला दिवसातून दोनदा आंघोळ घालत होतो. पुढून, मागून, कोपऱ्यात, खिडकीच्या कडेला. महेशला लहानपणी एवढी निगुतीनं आंघोळ घातली नसेल.

कॉलनीचा वॉचमन नागप्पा. तो मला बघितलं की खुर्ची आणून द्यायचा. "मालक, तुमच्यासारका मालक बगितला न्हाय बगा. बाकीचे येतेत, फोटो काडतेत, जातेत."

'मालक' असं मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी म्हणत होतं. मी पाईपची धार आणखी मोठी केली.

महेश यायचा तो संध्याकाळी, ड्युटीवरून परस्पर. एकदा घरी येऊन म्हणाला, "बाबा, भिंती कोरड्याठाक लागतायत हाताला."

"अरे, सोलापूरचं ऊन आहे!" मी म्हटलं. "मी हंडाभर मारतो, ते वाटीभर ठेवत नाही."

आमच्या सौभाग्यवतींनी तेव्हाच विचारलं होतं, "अहो, नक्की आपल्याच घराला मारताय ना?"

मी एवढा हसलो, एवढा हसलो की तिनं पुन्हा विचारलं नाही. (आता दर आठवड्याला विचारते.)

वास्तुशांतीचा दिवस उजाडला. महेशची आदल्या दिवशी रात्रपाळी होती, तो कंपनीतून थेट येणार होता. बार्शीहून अण्णा आणि वहिनी पहाटेच्या गाडीनं आले होते. मी त्यांना मुद्दाम मागच्या वाटेनं नेलं, म्हणजे टाकीपासून घर कसं डौलात दिसतं ते कळावं. दाराशी थांबलो, खिशातून महेशनं दिलेली दुसरी किल्ली काढली, अण्णांकडं एक कटाक्ष टाकला आणि कुलपाला लावली.

फिरेना.

"नवं कुलूप हाय, घट्ट असतंय," मी म्हटलं. उलटी लावली. सुलटी लावली. थोडं खोबरेल तेल लावलं. अण्णा म्हणाले, "आमच्या पुण्याच्या फ्लॅटला बोट लावलं की उघडतंय."

तेवढ्यात नागप्पा धावत आला. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. "मालक, तुमाला कोन अडवणार?" असं म्हणून त्यानं त्याच्याकडच्या किल्लीनं दार सताड उघडलं. मी अण्णांकडं पाहिलं. "बोट कशाला लावायचं? आपल्याकडं माणूस आहे."

मग मी इलेक्ट्रिशियनला बोलावून दाराशेजारी पितळी पाटी ठोकून घेतली. 'गव्हाणे'. चार स्क्रू, पक्के.

मंडळी जमली. घर आटोपशीर, पाहुणे भरपूर. मी सवयीनं दारात उभा राहून ओरडत होतो, "पुढं सरका, पुढं सरका, आत जागा आहे!" महेश वेळेत पोचेना, मुहूर्त थांबेना, गुरुजींना आणखी दोन वास्तुशांती उरकायच्या होत्या. तेव्हा यजमान म्हणून मी आणि ही बसलो. होम पेटला. आग्नेय कोपऱ्यात बिल्डरनं प्रत्येक घरात एक फरशी मोकळी ठेवली होती, वास्तुपुरुषाची प्रतिमा पुरण्यासाठी. गुरुजींनी मंत्र म्हटले, हिनं डोळे मिटून प्रतिमा खड्ड्यात ठेवली, मी माती लोटली, गवंड्यानं वरून फरशी बसवून सिमेंट भरलं. हिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढलेल्या बाईचं पाणी होतं ते.  अण्णांनीसुद्धा हात जोडले.

आणि माझा फोन वाजला. महेश.

"बाबा, कुठंयत तुम्ही सगळे?"

"घरात! तू कुठंयस?"

"मीपण घरातच."

"मग दिसत का नाहीस?"

"इथं कुणीच नाहीये बाबा. मी एकटाच उभा आहे. हॉलमध्ये."

"मीपण हॉलमध्ये आहे!" मी गर्दीकडं पाहिलं. "हात वर कर बरं."

"केला."

हात वर केलेला कुणी नव्हता. (गुरुजींनी तेवढा उचलला होता, तो आशीर्वादाचा.)

"बाबा, मंत्र मात्र ऐकू येतायत की हो! अगदी जवळनं."

"मग ये की जवळ!"

"कुठनं येऊ? मधे भिंत आहे!"

आणि त्यानं भिंतीवर ठक् ठक् केलं. ते ठक् ठक् मला फोनमधूनही ऐकू आलं आणि समोरच्या भिंतीतूनही. हॉलमधले सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी भिंतीकडं बघत राहिलो. घोटीव, गुळगुळीत, माझ्या हातची भिंत.

नेमक्या त्याच क्षणी दारात टेम्पो थांबला. मुहूर्त सगळ्या सोलापूरला एकच असतो, हे मी विसरलो होतो. टेम्पोतून आधी गॅसची शेगडी उतरली, मग दुधाचं पातेलं, मग ते पातेलं धरलेली एक भरभक्कम बाई, आणि मागून तिचे यजमान. टॉवेलच्या कारखान्यातले फोरमन अंबादास आणि त्यांच्या पद्माक्का. आपल्या पाहुण्यांसह नव्या घरात दूध उतू घालायला आले होते. त्यांच्या नव्या घरात.

अंबादासनी आधी पाटी वाचली. मग दोन पावलं मागं जाऊन घर पाहिलं. मग पुन्हा पाटी वाचली.

"काय ओ," ते अगदी सौम्यपणे म्हणाले, "हे गव्हाणे कोन?"

हात वर करायची पाळी आता माझी होती.

पुढं जे झालं ते सांगायला मला नेहमी थोडं पाणी प्यावं लागतं. महेश पळत आला, हातात घराचे कागद. नागप्पा म्हणाला, "मी तर ह्येंनाच मालक समजतोय! रोज पानी मारायलेत!" आणि अंबादासकडं बोट दाखवून, "ह्येंना मी पावना समजलो."

पद्माक्का पातेलं घेऊन तशाच उभ्या होत्या. "थांबा थांबा. पानी तुमी मारत होताव?"

"हो," मी म्हणालो. 

"अय्यो! आमी आलो की भिंती वल्ल्या. आमी म्हन्लं, बिल्डरनं मानूस ठेवलाय! मी आख्ख्या माहेरात सांगून आले ओ, बिल्डर म्हंजे देवमानूस हाय, सोताहून पानी मारतोय!"

हॉलमध्ये पहिलं हसू फुटलं ते अण्णांचं. पोट धरून. आणि मला वाटलं, संपलं. आता हे दर लग्नात, दर पंगतीत, मरेपर्यंत.

पण हिचं लक्ष हसण्याकडं नव्हतं. ती कोपऱ्यातल्या फरशीकडं बघत होती. "गुरुजी, आमचा वास्तुपुरुष काढून द्या. आमच्या घरात ठेवते."

गुरुजींनी घड्याळाकडं पाहिलं. "एकदा ठेवला की उचलत नाहीत, माई. आता तो या घराचा."

"मग आमचं घर?"

हिनं हे असं काही विचारलं की अण्णांनी धरलेलं पोट सोडलं. महेश खाली बघत उभा. रात्रपाळी करून आलेलं पोर, घराचे कागद हातात, आणि बापानं त्याच्या घराचा देव दुसऱ्याच्या घरात सिमेंट लावून बसवलेला. मला भिंतीत शिरावंसं वाटलं. (कुठल्याही. दोन्ही चालल्या असत्या.)

पद्माक्कांनी पातेलं हिच्या हातात दिलं. "ताई, आसं करू. तुमचा देव ऱ्हाऊ दे आमच्यात. आमी आमचा आनलाय, त्यो तुमच्यात बसवू. सणाला तुमी हितं नैवेद्य आना, मी तितं आनते. आन् दूध तुमच्या चुलीवर घालू उतू. आमच्यात तर एवडं मंत्र झालं, आता कशाला?" मग माझ्याकडं वळून, "मामा, दक्षिना किती द्यायची तुमाला?"

गुरुजी म्हणाले, "चालेल." (त्यांना निघायचं होतं. पण चालेल म्हणाले ते खरं.)

मग सगळी वरात शेजारच्या दारात गेली. धावताना महेशनं दार ओढून घेतलं होतं, तिथं माझी किल्ली लोण्यासारखी फिरली. कोपऱ्यातल्या मोकळ्या फरशीखाली पद्माक्कांनी आपला वास्तुपुरुष ठेवला, महेशनं माती लोटली, हिनं शेगडी पेटवली आणि दूध भसकन उतू गेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन्हीकडच्या पंगती एकाच मांडवात बसल्या. आमची जिलेबी, त्यांचा चिंचेचा पुलिहोरा भात, आणि शेंगाचटणी दोघांचीही.

पंगतीत अण्णा माझ्या शेजारी. मी मान खाली घालून वाट बघत होतो. अण्णांनी आधी भात संपवला. मग जिलेबी मोडत म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असंच, "आमच्या पोराच्या शेजारी कोन ऱ्हातंय, त्याला सांगता येत न्हाय. लिफ्टमधी भेटत्यात, मोबाइल बघत्यात. हितं तू येड्यासारका दुसऱ्याच्या घरात होम पेटवलास, आन् त्या बाईनं तुला जेवायला वाढलं." मग महेशकडं मान वळवून, "पोरगं हुशार हाय तुजं. हितंच ऱ्हायलं ते बरं केलं."

महेशनं ऐकलं. आणि मला आणखी एक जिलेबी वाढली.

आता आमची दोन्ही घरं गजबजली आहेत. सणाला ही वाटी झाकून शेजारी जाते, पद्माक्का वाटी झाकून आमच्याकडं येतात, आणि एकमेकींच्या देवाला सांभाळून तासभर गप्पा मारून परततात. कॉलनीत नव्यानं राहायला येणारे पद्माक्कांची भिंत बघायला येतात. मी स्वतः नेऊन दाखवतो. मूठ आपटून सांगतो, "बघा! केसाएवढा तडा नाही! माझ्या हातचं काम!"

मग ते साहजिकच म्हणतात, "काका, आता तुमचं घर दाखवा."

त्या घराला कुणीच पाणी मारलं नव्हतं. पण आत येणाऱ्याला काही दिसत नाही, मी तशी व्यवस्था केली आहे. जिथं जिथं तडा, तिथं तिथं कॅलेंडर. हॉलमध्ये पाच, स्वयंपाकघरात तीन, देवघरात एक मोठं. त्यामुळं आमच्या घरात आता कुणाचीही तारीख चुकत नाही. घर काय ते एकदाच चुकलं होतं.