सही आणि शिक्का सोडून

चार्ज हा इंग्रजी शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो पाचोडच्या शाळेत. आमचे गुरुजी रजेवर जाणार असले की चौथीतल्या एकाला पुढे बोलवायचे आणि सांगायचे, "उद्या वर्गाचा चार्ज तुझ्याकडं. कुणाला ताप आला, कुणी रडलं, तर तू बघायचं." माझ्याकडे चार्ज आला त्या दिवशी नेमका आठवडी बाजार होता. शाळा सुटल्यावर मी पहिलीची पोरं हाताला धरून टेम्पो आणि शेळ्यांच्या गर्दीतून पलीकडे नेली आणि मगच घरी गेलो. आईनं विचारलं, "चार्ज म्हंजी काय रं?" मी म्हणालो, "समद्यांकडं बघायचं." आमच्या घरात माझ्याआधी कुणी शिकलेलं नव्हतं. मी पदवीपर्यंत पोचलो तो त्या गुरुजींमुळे, आणि शब्दाचा हा अर्थही त्यांनीच दिलेला. बरीच वर्षं तो मला एकमेव वाटत होता.

शहरानं बाकीचे अर्थ शिकवले. बजाजनगरात खोली करून शिकत होतो तेव्हा सुट्टीत वाळूजच्या एका कंपनीत काम केलं. तिथे लाइन इनचार्ज नावाचा माणूस पाठीमागे हात बांधून फिरायचा. लघवीला जायचं तर त्याची मान हलावी लागे, आणि ती हलवायला तो मुद्दाम वेळ लावायचा. खोलीमालकाकडे मोटारीच्या बटणाचा चार्ज होता, म्हणून भाडेकरूंच्या नळाला पाणी कधी येणार ते तोच ठरवायचा. पेपरात लाठीचार्ज वाचला, शेजाऱ्याच्या तोंडून चार्जशीट ऐकलं. हळूहळू एवढं समजलं, की आमच्याकडे ज्याला चार्ज मिळतो तो पहिल्यांदा शोधतो की आता आपल्याला कुणाला अडवता येईल.

पण या शब्दाची खरी शोभा पाहिली ती नोकरीत. मुकुंदवाडीकडच्या एका संस्थेत मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. आमचे अध्यक्ष कायम मुख्याध्यापक नेमत नाहीत. वर्षानुवर्षं एक इनचार्ज असतात. कायम माणूस एखादे दिवशी नाही म्हणेल. इनचार्जला कोणत्याही सकाळी काढता येतं. त्यामुळे आमचे इनचार्ज अध्यक्षांच्या ड्रायव्हरलासुद्धा उठून नमस्कार करतात आणि नंतर केबिनमध्ये जाऊन खुर्चीवरचा पांढरा टॉवेल नीट करतात. त्या टॉवेलाला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालत नाही. माणसाची सगळी पत टॉवेलात असली की तो टॉवेलाला असाच जपतो.

खालीही तेच. पाण्याच्या टाकीचा इनचार्ज, फळ्यांचा इनचार्ज, कुंड्यांचा इनचार्ज. आणि अध्यक्षांच्या वाढदिवसाला तर प्रत्येक शिक्षकाच्या छातीवर छापील बिल्ला: पार्किंग इनचार्ज, हार इनचार्ज, भोजन इनचार्ज. एम.एस्सी. झालेली माणसं ते बिल्ले लावून एकमेकांचे फोटो काढतात. गळ्यातल्या दाव्याला घुंगरू बांधलं की बैलही डुलतो. पण बैल निदान त्याचा फोटो स्टेटसला ठेवत नाही.

एका वर्षी वाढदिवसाला सगळे बीड बायपासच्या लॉन्सवर जाणार होते. शाळा बंद दिसायला नको म्हणून मला मागे ठेवलं.

"आज शाळेचा चार्ज तुमच्याकडे," इनचार्ज म्हणाले.

"सर, कुणी दाखला मागायला आलं तर?"

"सही आणि शिक्का सोडून. बाकी सगळा चार्ज तुमचाच की!" असं म्हणून त्यांनी गोल शिक्का कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

ते गेल्यावर थोड्याच वेळात आमच्याकडे बारावी झालेली एक मुलगी आणि तिची आई आल्या. आई चिकलठाण्याच्या एका कंपनीत कॅन्टीनला. कामावरून तशीच आलेली, अंगात कंपनीचा निळा कोट. मुलीचा सरकारी नर्सिंगला नंबर लागला होता. दाखला जमा करायचा तो शेवटचा दिवस, संध्याकाळी पाचपर्यंत. कारकुनानं दाखला केव्हाच लिहून ठेवला होता. अडली होती ती सही आणि तो शिक्का. आठवडाभर इनचार्ज त्यांना सांगत होते, "साहेबांना विचारून सांगतो." साहेबांना विचारण्यासारखं काय होतं ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. संस्थेचं स्वतःचं कॉलेज आहे. चांगल्या मुलांचे दाखले रखडले की मुलं नाइलाजानं तिथेच प्रवेश घेतात.

"सर, आज चार्ज तुमच्याकडं हाय म्हनी," आई म्हणाली. तिला गेटवर कुणीतरी सांगितलं होतं.

मी कुलूपबंद कपाटाकडे बघितलं. मग शिपाईमावशींना गेटवर बसवलं, कारकुनाच्या टेबलावरून दाखला घेतला आणि तिघं रिक्षानं लॉन्सवर गेलो.

आमचे इनचार्ज पंगतीत सापडले. छातीवर बिल्ला, हातात बासुंदीची बादली.

"तुम्ही इथं? शाळेचा चार्ज कुणाकडे?"

"सर, एवढी सही करा आणि किल्ली द्या. पाचपर्यंतच मुदत आहे."

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "अहो, आज माझ्याकडे फक्त भोजनाचा चार्ज आहे. साहेबांनी सांगितल्याशिवाय मी काय करणार?"

"पोरीचं वरीस जाईल, सर," आई म्हणाली.

"ताई, आधी जेवून घ्या. बासुंदी चांगली झालीय."

त्या क्षणी मला त्यांचा राग आला नाही. रागासाठी समोर माणूस लागतो. इथे एक बादली उभी होती.

अध्यक्ष स्टेजवर, झालर लावलेल्या सिंहासनात. खाली सत्काराची लांब रांग. हाराशिवाय वर सोडत नव्हते. हार इनचार्ज म्हणजे आमचे इतिहासाचे सर. गळ्यातून काढलेले हार स्टेजच्या मागून त्यांच्याकडे यायचे, ते पाणी शिंपडून झटकायचे आणि रांगेतल्या पुढच्या माणसाच्या हातात द्यायचे. सकाळपासून तेच आठ-दहा हार फिरत होते. आईनं हे थोडा वेळ बघितलं आणि सरळ पुढे जाऊन हात केला.

"एक द्या की, भाऊ."

"तुम्ही कुणाकडून?"

"म्या लेकीकडून."

इतिहासाच्या सरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. कंपनीतल्या त्या लाइन इनचार्जसारखी, फक्त वेळ न लावता.

आई वर गेली. तिनं हार घातला, पण बाजूला झाली नाही. फोटोवाला पुढे, दोन-चार मोबाइल वर झालेले, कुणीतरी लाइव्ह करत होतं.

"साहेब, लेकीचा सरकारीत नंबर लागलाय. दाखला तेवढा द्या. वाढदिसाच्या दिशी नाय म्हनू नका."

माइक जवळच होता. सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. अध्यक्षांनी आधी मोबाइलांकडे बघितलं, मग तिच्याकडे. मग चेहऱ्यावर बॅनरवरचं हसू आलं.

"अरे! लेकीबाळींना अडवतंय कोण? बोलवा त्यांना, कुठंयत मुख्याध्यापक?"

आमचे इनचार्ज बादलीसकट धावत आले. "साहेब, मी तर कधीचा देणारच होतो, साहेब."

"माझ्या संस्थेत असले प्रकार चालणार नाहीत," अध्यक्ष माइकमध्ये म्हणाले. टाळ्या पडल्या. ज्यांच्या हुकुमानं आठवडाभर दाखला अडला, त्यांनीच तो सोडवून टाळ्या घेतल्या. आणि ज्यानं त्यांच्यासाठी अडवला, त्याला चारचौघांत खाली मान घालावी लागली. त्यानं ती आनंदानं घातली. सही त्यानं स्टेजच्या पायरीवरच केली, आणि शिक्क्याआधीच अध्यक्षांनी तो दाखला फोटोवाल्यासमोर आईच्या हातात दिला. किल्ली माझ्या हातात आली तेव्हा चिकट होती.

शाळेत परत येऊन शिक्का मारला. मुलगी दाखला घेऊन पळाली. संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला, "घेतला, सर. झालं."

दुसऱ्या दिवशी इनचार्जनी केबिनमध्ये बोलावलं. टॉवेल नवा होता. "शाळा सोडून गेलातच कसे? चार्ज होता तुमच्याकडे!"

"म्हणूनच गेलो," मी म्हणालो.

माझ्याकडची प्रयोगशाळा काढून घेतली आणि सायकल स्टँड दिलं. मी ते घेतलं. सुटायच्या वेळी गेटबाहेर रिक्षा आणि टँकर अंगावर येतात. पाचवीची पोरं मी पलीकडे नेऊन सोडतो. त्याचा बिल्ला अजून कुणी छापलेला नाही.

पुढे महिनाभरात चौकात मोठं बॅनर लागलं. अध्यक्ष दाखला देताहेत, निळ्या कोटातली आई घेतेय, खाली ठळक अक्षरांत 'लेकींच्या शिक्षणासाठी धावून येणारं नेतृत्व'. एकदा कामावरून परतताना आई मला तिथेच भेटली. मुलगी वसतिगृहात रुळली, म्हणाली. मी बॅनरकडे बोट केलं.

तिनं वर बघितलं, पदरानं तोंड पुसलं.

"म्या घातलेला हार उष्टा व्हता. तेवढं काय फोटूत दिसत नाय."