आर्लिसच्या तीस मुली

आमच्या कॉलेजात जर्मन शिकवणारा मी शेवटचा माणूस. वर्गात पोरं उरली नाहीत म्हणून विभागाला कुलूप लागलं आणि मला पहिल्या वर्षाला निबंध शिकवायला बसवलं. शिवाय व्हॉलीबॉलच्या सामन्यांना माइकवरून खेळाडूंची नावं पुकारायची. हे दुसरं काम आर्लिस हार्म्सने माझ्या गळ्यात मारलं. म्हणाली, "प्रोफेसर, तुझा आवाज फुकट चाललाय." तिच्याशी वाद घालून कोणी जिंकल्याचं आयोवा राज्याच्या या कोपऱ्यात तरी ऐकिवात नाही.

आर्लिस म्हणजे मुलींच्या व्हॉलीबॉलची कोच. गावाबाहेरच्या डुकरांच्या फार्मवर वाढलेली, याच कॉलेजातून खेळलेली, आता साठीला टेकलेली. व्हॅन तीच चालवायची, नेट तीच बांधायची, आणि मुलींच्या जर्स्याही व्यायामशाळेच्या तळघरातल्या मशीनमध्ये तीच धुवायची. ते काम करणाऱ्या माणसाला काटकसरीत घरी पाठवलं होतं. तिने कधी तक्रार केली नाही. उलट तो माणूस पांढऱ्या जर्स्या गुलाबी करायचा, असं ती येता-जाता ऐकवायची.

आमच्यासारख्या लहान कॉलेजचं पोट फीवर भरतं, आणि फी भरणारी पोरं हल्ली माझ्यासारख्यांचं ऐकायला येत नाहीत, खेळायला मिळेल म्हणून येतात. शाळेच्या संघात बरी खेळलेली, पण मोठ्या विद्यापीठात जिला कोणी विचारणार नाही अशी मुलगी आमच्याकडे येते आणि चार वर्षं अभिमानाने जर्सी घालते. मी याला सर्कस म्हणायचो. आर्लिस म्हणायची, "असू दे सर्कस. तुझा पगार त्याच तंबूतून निघतो." हे खरं होतं आणि म्हणूनच मला झोंबायचं.

मुली आणायला ती स्वतः घरोघर जायची. मैलोन्‌मैल मक्याच्या शेतांतून व्हॅन हाकत कुठल्यातरी शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायची, ताटात वाढलेले हॅमचे, म्हणजे डुकराच्या खिम्याचे, गोड गोळे मुकाट्याने संपवायची, वर आणखी मागायची. मग आईकडे बघून सांगायची की तुमची मुलगी आमच्या कोर्टवर, तुमच्या डोळ्यांदेखत खेळेल, हा माझा शब्द. बाकी कॉलेजांचे कोच रंगीत चित्रं दाखवत. ही फक्त एवढंच बोलायची, आणि आया मुलींना आमच्याकडे धाडायच्या.

कोर्टवर सहाच जणी उतरतात आणि आर्लिसकडे मुली तीसच्या वर. तरी तिचा शब्द कधी खाली पडला नव्हता, कारण मुख्य सामन्याआधी दुसऱ्या फळीचा सामना व्हायचा. त्यात सगळ्यांना खेळायला मिळायचं. मग बँकेतून आलेले नवे अध्यक्ष व्हिटलॉक खुर्चीत बसले. त्यांनी एकाच बैठकीत दोन हुकूम सोडले. बसचं भाडं आणि पंचांचं मानधन परवडत नाही, म्हणून दुसऱ्या फळीचे सामने बंद. आणि जानेवारीत व्हॉलीबॉलच्या तीस मुलींनी पुढच्या सत्रासाठी नाव नोंदवलं नाही, तर व्हॉलीबॉलच बंद. एका हाताने शिडी काढून घ्यायची आणि दुसऱ्या हाताने माळ्यावर बोट दाखवायचं, असा तो कारभार होता. मी बैठकीतच भडकलो. आर्लिस शेंगदाण्याच्या बटरची वडी खात होती.

ऑक्टोबर संपता संपता मी एकदा तळघरात गेलो तेव्हा ती कपडे वाळवत होती. अर्ध्या जर्स्या तिने न धुताच घड्या घालून ठेवल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाली, "या कोरड्याच आल्या. जिची जर्सी घामाने भिजत नाही ना प्रोफेसर, ती पोरगी नाताळाला घरी जाते ती जातेच. मला दिसतंय, अर्धा संघ मनाने केव्हाच घरी पोचलाय." आणि नेहमीसारखी शांतपणे पुढची जर्सी झटकायला लागली. मला मात्र त्या रात्री जेवण गोड लागलं नाही.

घरच्या कोर्टवरचा शेवटचा सामना नदीपलीकडच्या कॉलेजशी होता. तो जिंकला तर कित्येक वर्षांनी आमचा संघ विभागीय स्पर्धेत जाणार होता, आणि जिंकणार यात कोणाला शंका नव्हती, कारण आमच्याकडे टेगन रोझबूम होती. टेगन तिसऱ्या वर्षाला, संघाची कप्तान, सहा फुटी. तिने चेंडू मारला की समोरच्या मुली आधी तोंड वाचवायच्या. या स्पर्धेसाठी ती तीन वर्षं झिजली होती, अख्ख्या कॉलेजला ते माहीत होतं.

त्या आठवड्यात आर्लिसने एकेका घरी फोन करून शुक्रवारी नक्की या म्हणून सांगितलं. मक्याची कापणी संपत आली होती, तरी माणसं आली. टोप्यांवर भुसा तसाच, आजी-आजोबा, कडेवरची पोरं. व्यायामशाळा एवढी भरलेली मी कधी पाहिली नव्हती. अध्यक्ष व्हिटलॉक कॉलेजला देणग्या देणारी चार माणसं घेऊन पहिल्या रांगेत बसले होते.

पहिला सेट टेगनने एकटीने ओढून आणला. दुसऱ्या सेटला आर्लिसने माझ्यापुढे नावं सरकवली, ती बघून मला वाटलं हिची काहीतरी चूक झाली. टेगन नाही, नेहमीच्या सहांपैकी एकही नाही. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "वाच. नीट, पूर्ण नावानिशी वाच." मी वाचलं. डेलेनी फिस्क हे नाव मी त्या वर्षात पहिल्यांदा उच्चारत होतो. वरच्या रांगेत एक दांडगा माणूस टोपी काढून उभाच राहिला, तो तिचा बाप.

डेलेनीची पहिली सर्व्हिस नेटमध्ये गेली. पुन्हा पाळी आली तेव्हा दुसरीही. तिसरी पलीकडे पडली आणि समोरच्या मुलीच्या हातून निसटली, तेव्हा जो गलका झाला त्याने मला स्वतःचा माइक ऐकू येईना. तो सेट आम्ही हरलो. तिसऱ्याला आणखी नव्या मुली उतरल्या, चौथ्याला उरलेल्या, आळीपाळीने. हरलो, हरलो आणि सामना गेला. टेगन सबंध वेळ बाकावर हाताची घडी घालून बसली होती. व्हिटलॉक साहेब पाहुण्यांना घेऊन मधेच निघून गेले. मुलींच्या आया कोर्टवर उतरून फोटो काढत होत्या, हरलेल्या संघाचे एवढे फोटो कोणी काढले नसतील.

मी माइकची वायर गुंडाळत होतो तेव्हा टेगन आली.

"कोच, तो सामना माझा होता. तुम्ही तो देऊन टाकलात."

"हो. दिला," आर्लिस म्हणाली.

"मला आधी सांगायचं तरी होतंत."

"सांगितलं असतं तर तू मला पटवलं असतंस. तुझं ऐकायची मला सवय आहे." मग ती म्हणाली, "मी त्यांच्या आयांना शब्द दिला होता, टेगन. तुझा सामना विकून तो पाळला. तू रागाव, तुझा हक्क आहे."

टेगन निघून गेली. सोमवारी आर्लिसने राज्याच्या राजधानीजवळच्या मोठ्या विद्यापीठाच्या कोचला फोन लावला. मी तळघरात तिच्या समोरच होतो. म्हणाली, माझ्याकडे एक मुलगी आहे, माझ्यापेक्षा मोठा संघ तिला मिळायला हवा, जानेवारीत घे आणि नीट खेळव. फोन ठेवला आणि ही बाई, जिला मी कधी डोळे पुसताना पाहिलं नव्हतं, टॉवेलात तोंड घालून रडली. मी उरलेले टॉवेल घड्या घालून दिले.

जानेवारीत टेगन गेली. आर्लिसचा निरोपही तिने घेतला नाही. पण बाकावरच्या मुली झाडून परतल्या, डेलेनी तर धाकट्या बहिणीलाही पुढच्या वर्षासाठी पटवून आली. व्हिटलॉक साहेबांनी नावं स्वतः मोजली. तीस भरली. त्यांनी पुन्हा मोजली, तरी तेवढीच भरली, मग म्हणाले की पुढच्या हंगामात सामने हरण्यासाठी खेळू नयेत. आर्लिस म्हणाली, "दुसऱ्या फळीचे सामने द्या, मग बघा." त्यांनी दिले. बस मात्र नाही दिली, आर्लिसची व्हॅन होतीच.

पुढच्या ऑक्टोबरात एका रविवारी ती मला घेऊन त्या मोठ्या विद्यापीठाचा सामना बघायला गेली. तिकीट, दिवे, बँड, सगळा थाट. टेगन बाकावर होती. पहिला सेट बाकावर, दुसरा, तिसराही. आर्लिसने हातातल्या तिकिटाची गोळी करून टाकली होती. टेगनच्या अंगावर झकास जर्सी होती, नुकती घडी मोडल्यासारखी, आणि तिला कोर्टकडे बघवत नव्हतं. सामना संपला तेव्हा तिने आम्हाला पाहिलं आणि जिना चढून वर आली. मला वाटलं आता भांडण होणार.

"ऑगस्टपासून हेच चाललंय," ती म्हणाली. "सरावात मी सगळ्यांच्या पुढे असते. सामन्यात कोणी माझ्याकडे बघतसुद्धा नाही. कोच, डेलेनी अशी किती दिवस बसली होती?"

"तुझ्याइतकेच."

टेगन हळूच म्हणाली, "परत यायचं असेल तर... तुमच्याकडे जागा आहे?"

आर्लिसने तिचे खांदे धरले. टेगनच्या उंचीमुळे तिला हात बरेच वर करावे लागले.

"जागा? अगं बाई," ती म्हणाली, "आमच्या कॉलेजात दुसरं आहेच काय?"