रोज कामावरून काढलेली बाई

तिचं नाव मी कधी विचारलं नाही. जव्हारला आमच्या ओट्यासमोर सडकेचं काम चाललं होतं. ज्या मजुराला घेतल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत कामावरून काढलं नाही, त्याला पुढे होळीपर्यंत काढायचं नाही, असा नवा नियम निघाला. कामचुकार माणूस गळ्यात पडेल म्हणून मुकादम नवं कोणी घेईचना.

ती जवळच्या साखरशेत गावाकडची. काम मिळालं नाही तर तिला लेकरं घेऊन दूर मिठागरावर जावं लागणार होतं. ती मुकादमाला म्हणाली, "मना रोज सांजेला काढ, दादा. सकाळी परत घे."

मुकादम हसला आणि त्यानं तिला घेतलं. रोज सांजेला तो ओरडे, "जा, काढलं तुला!" ती शिक्षा झाल्यासारखे कान पकडी आणि रिकामी पाटी वाजवत घरी जाई.

एका सांजेला तो काही न बोलता चालू लागला.

"दादा, काढायचं विसरलास!" ती मागून ओरडली.

"विसरलो नाही," तो वळून म्हणाला.

पाटी तिथंच टाकून ती धावत आमच्या ओट्याशी आली. "बाय, मना काढलीच नाय!"

अनोळखी माणसाशी मी कधी बोलत नाही. त्या सांजेला मात्र साऱ्या आळीला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले, "होळीपर्यंत!"