बी प्लस मिळवून देणाऱ्या पुतळामावशी

पुतळाबाई वणीजवळच्या आमच्या कॉलेजात शिपाई होत्या. आम्ही सगळ्या त्यांना मावशी म्हणायचो. १९९५ साली मी एफ. वाय.ला आले, तेव्हा कॉलेजात मुली अवघ्या चौदा. संध्याकाळच्या एसटीचा भरवसा नसे, त्यामुळे आसपासच्या गावांतले लोक मुलींना धाडायला कचरत. मावशींची ड्युटी पाचला संपे. पण शेवटची मुलगी गाडीत बसेपर्यंत त्या स्टँडवरून हलत नसत. एखादी आठ दिवस दिसली नाही, की रविवारी थेट तिच्या घरी.

माझ्याही घरी आल्या होत्या. द्राक्षांची छाटणी चालू होती, त्यात आई आजारी. वडिलांनी माझं कॉलेज बंद केलं होतं. मावशी ओट्यावर बसत म्हणाल्या, "रावजीभाऊ, छाटणी पंधरा दिसांची हाय. पोरीचं अख्खं वरीस कशाला घालवता? माझ्या भरवशावर पाठवा."

वडिलांनी मला बाहेर हाक मारली. म्हणाले, "मंजुषा, सोमवारपासून जा."

पुढं मी त्याच कॉलेजात मराठी शिकवू लागले. २००४ मध्ये कॉलेजला श्रेणी द्यायला नॅकची समिती येणार होती. अहवालात मुलींची संख्या दोनशे सहा झाल्याचं लिहायचं काम माझ्याकडे होतं. कारण म्हणून मी मावशींचं नाव लिहिलं. एक ज्येष्ठ प्राध्यापक चिडले, "शिपायाचं नाव अहवालात?" प्राचार्य म्हणाले, "खरं आहे ना? मग राहू द्या."

मुलींशी वर्गात बोलताना समितीनं मावशींनाही तिथं बोलावलं. पदराला हात पुसत त्या उभ्या राहिल्या.

"तुम्ही नेमकं काय करता?" अध्यक्षांनी विचारलं.

"काय नाय साहेब. पोरी गाडीत बसल्या का, तेवढं बघते."

मागच्या बाकावरची उज्वला उठली. "सर, मावशी घरी आल्या नसत्या, तर माझं लग्न लागलं असतं." मग दुसरी उठली, तिसरी उठली. अध्यक्षांनी लिहिणं थांबवलं आणि ते ऐकत राहिले.

ग्रंथालय लहान, संगणक चारच. 'ए' श्रेणी हुकली. बी प्लस मिळाली. पण समितीच्या अहवालात मुलींच्या शिक्षणाबद्दल कौतुकाचा एक वेगळा परिच्छेद होता. तोच जोडून प्राचार्यांनी एसटी आगाराकडे अर्ज केला आणि कॉलेजच्या फाटकापासून सव्वापाचची गाडी सुरू झाली.

"बी प्लस म्हंजी पास ना गं?" मावशींनी मला विचारलं.

"चांगल्या मार्कांनी, मावशी."

२००७ मध्ये त्या निवृत्त झाल्या. निरोपाला जुन्या मुली आल्या होत्या: नर्स, शिक्षिका, एक तलाठी. मी भाषण लिहून नेलं होतं. पण उभी राहिले आणि कागदाची घडी घालून टाकली. तशीच पुढं गेले नि त्यांच्या पाया पडले.