वार कुठवर रुतलीय

दुसऱ्यांदा दिवस गेल्याचं कळलं आणि सासूबाईंनी माझ्या कमरेला काळ्या दोऱ्यात लोखंडी खिळा बांधला. पोटुशीला नजर लागू नये म्हणून त्यांच्या गावी, मालवणकडे, असं करतात. मी हसले, पण काढला नाही. खरं सांगायचं तर मलाही त्याचा आधार वाटायचा.

सातव्या महिन्याच्या सोनोग्राफीत डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. माझं पहिलं बाळंतपण सिझेरियनचं. त्या जुन्या टाक्यांवरच आता बाळाला पोसणारी वार येऊन बसली होती, पण किती खोल रुतलीय ते दिसेना. "एमआरआय करू या. आधी कळलं तर तयारीने ऑपरेशन करता येईल. नाहीतर वार सोडवताना रक्तस्राव आवरायचा नाही." बाळाला इजा नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. तरी मी पुन्हा विचारलंच.

घाटकोपरच्या सेंटरमध्ये मंगळसूत्र, जोडवी, केसांतल्या पिना, सगळं उतरवलं. "अंगावर धातूचं काही नाही ना?" टेक्निशियन मुलीने विचारलं. "नाही," मी ठामपणे म्हणाले. खिळा माझ्या ध्यानातच नव्हता. दाराशी बसलेल्या सासूबाई ताडकन उठल्या.

"थांब गो! कमरेक खिळो आसा!"

मुलीने कपाळाला हात लावला. "काकी, वाचवलंत! आतलं चुंबक लोखंड खेचून घेतं, वाट लागली असती ना!"

सासूबाईंनी गाठ सोडली. त्यांच्या लेखी त्या बाळाची राखणच काढून घेत होत्या. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

आत, शेजारी बिल्डिंग पाडत असावेत तसा खडखडाट. हलायचं नव्हतं, त्यामुळे डोळेही पुसता आले नाहीत.

रिपोर्ट आला. वार टाक्यांतून आरपार, मूत्राशयापर्यंत पोचली होती. बाळ मुदतीआधी काढायचं, रक्त तयार ठेवायचं, आणि बहुधा गर्भाशयही काढावं लागेल. "म्हणजे पुढे मूल नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नातू हवा म्हणून पहिल्या मुलीपासून माझं डोकं खाणाऱ्या सासूबाईंकडे बघायची मला हिंमत होईना.

सासूबाई टेबलावर वाकल्या. "पिशवी काढा, काय काढूचा ता काढा. पण माझी सून माका घराक व्हयी."

बाळाबद्दल त्यांनी विचारलंच नाही. मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून सगळ्यांदेखत रडले. महिन्याभरात गर्भाशय गेलं, धाकटी मुलगी आली, आणि मी घरी आले.